चित्रपर्णी होया

रुई, अनंतमूळ आणि कंदीलपुष्प ज्या ॲपोसायनेसी कुलात येतात त्याच कुलातील होया हा वेलींचा मोठा गण आहे. त्यातील ज्या वाणांच्या पानांवर हिरव्यासोबत पांढरा, दुधी, पिवळा किंवा गुलाबी रंग कायम असतो त्यांना चित्रपर्णी होया म्हणतात. बागप्रेमींच्या बोलण्यात मात्र ‘व्हेरिगेटेड’ हाच शब्द रुळला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये या गणाला लंडनजवळच्या सायन हाउसचे माळी टॉमस हॉय यांचे नाव दिले. गणात पाचशेहून अधिक जाती असून त्या भारतापासून दक्षिण चीन, थायलंड, फिलिपीन्स, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतात. सह्याद्रीच्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर होया वायटी ही जात वाढते. बहुतेक होया अशाच दुसऱ्या झाडाच्या आधाराने वाढतात. त्यांची मुळे मातीत खोल न जाता सालीच्या खाचांत आणि शेवाळात पसरतात. कुंडीतल्या होयाच्या बहुतेक तक्रारींचे कारण ही सवय न ओळखण्यात असते.

रंग कसा येतो : चित्रपर्णी होयाच्या शेंड्यावरील वाढबिंदूत दोन प्रकारच्या पेशी थराथराने नांदतात. अशा वनस्पतीला कायमेरा म्हणतात. वाढबिंदूत पेशींचे तीन थर असतात. सर्वांत बाहेरच्या थरापासून पानाची त्वचा बनते, दुसऱ्यापासून पानाची कड आणि त्वचेलगतचा गर, तर तिसऱ्यापासून पानाच्या मध्यभागातला आतला गर. दुसऱ्या थरातील पेशींना हरितद्रव्य बनवता येत नसेल तर कड पांढरी आणि मध्य हिरवा राहतो. तिसऱ्या थरात तो दोष असेल तर मध्य फिका आणि कड हिरवी दिसते. कोवळ्या पानांवरचा गुलाबी रंग वेगळ्या रंगद्रव्याचा असतो. तो उजेडात खुलतो आणि पान जून झाले की बहुधा ओसरतो, म्हणून विक्रीच्या छायाचित्रातील गुलाबी पान वर्षभर तसेच राहील असे समजू नये.

हा दोष बीजातून जसाच्या तसा उतरत नाही. परागकण आणि बीजांडे दुसऱ्या थरातून बनतात. त्यामुळे पांढऱ्या कडेच्या वेलीच्या बियांतून हरितद्रव्यहीन रोपे निघतात व ती लवकर मरतात, तर हिरव्या कडेच्या वेलीची रोपे साधी हिरवी होतात. ‘चित्रपर्णी होयाचे बी’ म्हणून जे विकले जाते त्यावर पैसे घालवू नयेत. पानांवरील रुपेरी शिंतोडे हा आणखी निराळा प्रकार आहे. तिथे त्वचेखालच्या बारीक हवेच्या पोकळ्यांमुळे प्रकाश परावर्तित होतो. खालच्या पेशी हिरव्याच असल्याने अशा वेलींची ताकद साध्या होयाइतकी असते.

प्रमुख वाण : सुरुवातीला होया कार्नोसा घ्यावी. ही पूर्व आशियातील जात काटक आहे आणि पुणे-नाशिकची हिवाळी थंडी सहज सोसते. तिच्या दोन वाणांत नेहमी गल्लत होते. ‘क्रिम्सन क्वीन’ची कड पांढरी असते, ‘क्रिम्सन प्रिन्सेस’चा मध्य दुधी असतो. पाने पिळवटलेल्या ‘हिंदू रोप’ (इंग्रजी ‘रोप’ म्हणजे दोरखंड) प्रकारातही कडेला आणि मध्ये रंग असलेले वाण मिळतात. ते फार हळू वाढतात आणि त्यांच्या वळ्यांत कीड लपते. होया केरी ही हृदयाच्या आकाराच्या जाड पानांची जात आहे. आर्थर केर यांनी थायलंडमध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ क्रेब यांनी १९११ मध्ये तिचे वर्णन केले. तिचा ‘अल्बोमार्जिनाटा’ हा पांढऱ्या-पिवळ्या कडेचा वाण सर्वांत लोकप्रिय आहे. होया मॅक्रोफिला ‘अल्बोमार्जिनाटा’ आणि होया ऑस्ट्रालिस ‘लिसा’ हेही बाजारात दिसतात. यातली पहिली दमट हवेशिवाय कुढते, दुसरी झपाट्याने वाढते.

निवड आणि खरेदी : विकत घेताना नजर आधी खोडाकडे जावी, पानाकडे नंतर. रंगीत पट्टी खोडावरही दिसत असेल आणि शेवटच्या दोन-तीन पेरांवरील (पेर म्हणजे खोडावर जिथून पाने फुटतात ती गाठ) दोन्ही पाने रंगीत असतील तर पुढची वाढही रंगीत येण्याची शक्यता अधिक. शेंडा पूर्ण हिरवा झाला असेल तर खालच्या सुंदर पानांना भुलू नये. सगळी पाने पांढरी असलेला तुकडा महाग असला तरी घेऊ नये. त्याला स्वतःचे अन्न बनवता येत नाही, मूळ वेलीपासून तोडला की तो साठवणीवर काही आठवडे जगतो आणि सुकतो. निम्मे हिरवे, निम्मे पांढरे असे प्रमाण टिकाऊ असते.

व्हॅलेंटाइन दिनाच्या सुमारास छोट्या कुंडीत खोचलेले होया केरीचे एकच पान सर्वत्र विकले जाते. त्या देठाला मुळे फुटतात, पान वर्षानुवर्षे हिरवे राहते, पण पेराचा तुकडा सोबत नसल्याने वेल होत नाही. वेल हवी असेल तर किमान दोन पेरे आणि तीन-चार पाने असलेले, मुळे धरलेले रोप मागावे. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून नेमक्या त्याच रोपाचे शेंड्याचे आणि मुळांचे छायाचित्र मागवावे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील किंवा भायखळ्याच्या राणीच्या बागेतील पुष्पप्रदर्शनासारख्या ठिकाणी झाड हातात घेऊन पाहता येत असेल तर ती संधी सोडू नये. परदेशातून रोप मागवायचे तर २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे रोगमुक्तता प्रमाणपत्र लागते. कागदपत्रांशिवाय पाकिटातून आलेल्या काडीबरोबर नवी कीड देशात येऊ शकते.

पानांवर गोल कड्यांसारखे किंवा वेडेवाकडे पिवळे डाग असतील, पान चुरगळलेले असेल आणि हा नमुना पेरागणिक बदलत असेल तर तो विषाणूचा परिणाम असू शकतो. अशी वेल ‘दुर्मिळ वाण’ म्हणून विकली गेल्यास ती घेऊ नये, कारण विषाणूवर औषध नाही. नवे रोप तीन-चार आठवडे बाकी झाडांपासून दूर ठेवावे.

प्रकाश : पांढऱ्या भागाचे काम हिरव्या भागाला करावे लागते, म्हणून साध्या होयापेक्षा जास्त उजेड द्यावा लागतो. तोच पांढरा भाग उन्हात आधी करपतो, ही खरी पेचाची बाब. पूर्वेची बाल्कनी सर्वांत चांगली. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचे कोवळे ऊन आणि मग दिवसभर स्वच्छ उजेड मिळावा. दक्षिण-पश्चिमेला ५० टक्के सावलीची जाळी लावावी, एप्रिल-मेमध्ये दुहेरी. खोलीत खिडकीपासून दोन फुटांच्या आत वेल ठेवावी किंवा वाढीचा दिवा रोज १२ तास लावावा. उजेड कमी पडला की दोन पेरांतले अंतर वाढते आणि पाने लहान येतात. सावलीतून उन्हात नेताना दोन आठवड्यांत थोडे थोडे पुढे सरकवावे. करपलेला तपकिरी डाग पुन्हा भरून येत नाही.

कुंडी आणि मिश्रण : नुसती माती किंवा नुसते कोकोपीट वापरू नये. आकारमानाने नारळाच्या सोडणाचे एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे चार भाग, परलाइट (ज्वालामुखी खडकापासून बनवलेले हलके पांढरे दाणे) दोन भाग, कोकोपीट दोन भाग, लोणारी कोळशाचे बारीक तुकडे एक भाग आणि गांडूळखत एक भाग असे मिश्रण घ्यावे. सोडणाचे तुकडे रात्रभर भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवावेत, कारण त्यांतल्या क्षारांनी पांढऱ्या कडा करपतात. कोकणात आणि मुंबईत कोकोपीट एकाच भागावर आणावे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते वाढवलेले चालते. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी असावी. मोठ्या कुंडीतले मिश्रण दिवसेंदिवस ओले राहते आणि मुळे तिथपर्यंत पोहोचण्याआधीच कुजतात.

पाणी आणि खत : वार ठरवून पाणी घालू नये. खालचे जुने पान दोन बोटांत हलकेच वाकवावे. ते टणक असेल तर थांबावे, मऊपणे वाकले तर भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावे. होया केरीच्या पानात साठा जास्त असल्याने तिला अधिक थांबता येते. फसगत एका ठिकाणी होते: पाने सुरकुतली आहेत, पण मिश्रण ओले आहे. अशा वेळी मुळे कुजलेली असतात आणि आणखी पाणी घातले की वेल जाते. ती कुंडीतून काढून काळी, मऊ मुळे कापावीत, वरचे निरोगी तुकडे ओलसर स्फॅग्नम शेवाळात (रोपवाटिकेत सुके मिळणारे, पाणी धरून ठेवणारे शेवाळ) पुन्हा रुजवावेत.

बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे चट्टे पडतात. पावसाचे पाणी साठवून वापरणे उत्तम, पण वेल मात्र थेट पावसात ठेवू नये. वाढीच्या महिन्यांत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरते. जास्त नत्राने रंग जातो असे सांगितले जाते. रंगाचा नमुना थरांवर ठरतो, खतावर नाही. खताच्या अतिरेकाने पांढरी कड जळते, हे मात्र नक्की.

छाटणी : वाढबिंदूतले थर कधी कधी सरकतात आणि फुटवा पूर्ण हिरवा किंवा पूर्ण पांढरा येतो. हिरवा फुटवा जोमदार असल्याने वर्षभरात सगळी वेल व्यापतो. तो दिसताच शेवटच्या नीट रंगीत पेरापर्यंत मागे कापावा. पांढरा फुटवा तीन-चार पेरांनंतर आखडतो, तोही तसाच मागे घ्यावा. कापताना पांढरा चीक गळतो. तो त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, म्हणून हात धुवावेत. पाने नसलेल्या लांब काठ्या वाळल्या समजून तोडू नयेत, पाने त्यांवर उशिरा फुटतात. होया कार्नोसा आणि होया केरीचा फुलांचा दांडा फुले गळल्यावरही ठेवावा, पुढच्या वेळी मेणासारख्या फुलांचा गुच्छ त्याच दांड्यावर येतो. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलली किंवा मिश्रण पार कोरडे पडले तर कळ्या गळतात.

अभिवृद्धी : दोन पेरांची, दोन्ही रंग असलेली काडी पेराखाली कापून चीक धुवावा व तासभर सुकू द्यावी. खालचे पेर ओलसर शेवाळात पुरावे. शेवाळ घट्ट पिळल्यावर थेंब पडता कामा नये. काडी पारदर्शक डब्यात, २४ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात आणि उन्हाबाहेरच्या उजेडात ठेवावी. डबा रोज काही मिनिटे उघडावा. कार्नोसाला तीन ते पाच आठवड्यांत मुळे येतात, केरीला त्याहून बराच वेळ लागतो. जून-जुलैच्या दमट हवेत काडी लवकर रुजते.

कीड : पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. तो पानाच्या देठाच्या बेचक्यात आणि ‘हिंदू रोप’च्या वळ्यांत कापसासारखा दिसतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून तो पुसावा. मग संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि २ मिली द्रवसाबण फवारावे, दर सात दिवसांनी तीनदा. वेल कारण नसताना थबकली असेल तर कुंडी काढून मुळांवर पांढरी भुकटी आहे का पाहावे, कारण मुळांवरही पिठ्या असतो. कळ्यांवर पिवळा मावा येतो. तो पाण्याच्या धारेने जातो. कोवळी पाने आखडून खरबरीत झाली तर डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडीचा संशय घ्यावा. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम फवारतात. तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे आणि पारा ३२ अंशांवर असताना गंधक वापरू नये, पानांवर करपल्याचे डाग पडतात.