मंडळीतल्या नेतृत्वाबद्दल ख्रिस्ती स्त्रीला शंका का येते : पार्श्वभूमी

रविवार शाळा, स्त्री-मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी ही कामं मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढली आहेत. तरी त्यांच्यापैकी कुणाला पास्टोरेट कमिटीचं (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचं) सचिवपद किंवा रविवारचा उपदेश देऊ केला, की ती आधी स्वतःलाच विचारते : मला जमेल का, आणि मुळात मी हे करावं का? हा स्वभावाचा भित्रेपणा आहे असं म्हणून विषय संपवला जातो. आमच्या मते ही शंका बरीचशी बाहेरून आलेली आहे, आणि ती कशी येते याचे लेखी पुरावे आहेत.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकता शिकता त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असा विचार पुढे आला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर याने रमाबाईंच्या कामाला बाधा येईल, असं बिशपांचं म्हणणं.

रमाबाईंनी दिलेलं उत्तर सावकाश वाचण्यासारखं आहे. माझ्या आईने आणि मी तरुण पुरुषांना शिकवलं, त्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही; काही इंग्रज लोक मात्र घेतात, याचं नवल वाटतं, असं त्यांनी कळवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या बाईला योग्यतेची शंका नव्हती. ती तिच्यावर लादली जात होती. मे १८८५ मध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रात त्या स्पष्ट सांगतात की मला सदसद्विवेक आणि स्वतःची बुद्धी आहे. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. बाप्तिस्म्याला दोन वर्षंही झाली नव्हती आणि आसरा त्याच सिस्टरांचा होता, हे लक्षात घेतलं की या वाक्यांचं वजन कळतं.

त्यांच्या मनात शंका नव्हतीच असं मात्र नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडला नव्हता, असं त्यांनी १९०७ च्या साक्षीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या अनुभवकथनात, लिहिलं आहे. विश्वासातली ही तळमळ आणि ‘बाईने शिकवावं का’ ही शंका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजही त्यांची गल्लत होते. पुढे यायला कचरणाऱ्या बाईला ‘आणखी प्रार्थना कर’ एवढंच सांगितलं जातं.

लक्ष्मीबाई टिळकांची अडचण वेगळी, शिक्षणाची. शाळेचं शिक्षण जवळजवळ नव्हतं. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, १९१९ साली गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.

संस्थांच्या पातळीवर दार फार सावकाश उघडलं. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ साली स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायला सुरुवात केली. त्या चर्चची पहिली स्त्री बिशप, नंद्यालच्या पुष्पललिता, २०१३ साली झाली. म्हणजे आज कमिटीवर बसणाऱ्या अनेकींनी लहानपणी वेदीपाशी बाई कधी पाहिलीच नव्हती.

म्हणून शंका आली की ती आधी एका वाक्यात लिहून काढावी. बायबलच्या वचनाबद्दल असेल तर १ तीमथ्य २:१२ (स्त्रीला शिकवू देत नाही, असं म्हणणारं वचन) एकटं वाचू नये. रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय घ्यावा, तिथे मंडळीची सेविका फिबी आहे. प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये प्रिस्किल्ला आपल्या नवऱ्यासोबत अपुल्लोला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देते. १ करिंथ ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे गृहीतच धरलं आहे. अध्याय अख्खे वाचावेत. शंका कौशल्याची असेल तर पहिला संदेश स्त्री-मंडळात, दहा-बारा मिनिटांचा, एकाच उताऱ्यावर द्यावा. नंतर ‘कसा झाला?’ असं न विचारता ‘कुठे धागा सुटला?’ असं एका विश्वासू व्यक्तीला विचारावं. पहिल्या प्रश्नाला सगळे ‘छान’ म्हणतात, त्यातून काही शिकता येत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते अधिकाराचं. समजा, नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी एखादीवर तोंडी टाकली. मंडपवाल्याला ५०० रुपये आगाऊ द्यायचे तरी खजिनदाराची वाट पाहायची. खजिनदार गावाला गेलेले. मंडप दुसऱ्याने नेला. सभेत बोल तिला लागतो आणि घरी जाताना ‘आपल्याला हे जमत नाही’ असं तिचं ठरून जातं. काम स्वीकारतानाच इतिवृत्तात चार गोष्टी लिहून घ्याव्यात : काम कोणतं, मुदत किती, न विचारता किती खर्च करता येईल, आणि हिशेब कुणाला द्यायचा. त्याच ठरावात मदतनीस म्हणून दुसऱ्या एका बहिणीचं नाव घालावं, म्हणजे पुढच्या वर्षी ती कोऱ्या पाटीने सुरुवात करणार नाही.