कस्टम स्पोर्ट्स कार बांधणी (मराठवाडा)

कस्टम स्पोर्ट्स कार म्हणजे जिची चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा) कुणीतरी स्वतः आखून, पाईप कापून, वेल्ड करून केलेली असते आणि जिच्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन उघडून, सुधारून बसवलेलं असतं अशी हलकी, बहुतेक वेळा दोन सीटची गाडी. एक्झॉस्ट बदलणं, अलॉयची चाकं टाकणं, गाडी खाली बसवणं हे मॉडिफिकेशन झालं. बांधणी तेव्हा म्हणायची जेव्हा सस्पेन्शन कुठं अडकणार आणि इंजिन कुठं बसणार हे बांधणारा ठरवतो. आपल्याकडं या विषयाची चर्चा कायम इंजिनापासून सुरू होते, बीएचपी (इंजिनाची ताकद) किती, टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा पंखा) कुठला, टॉप स्पीड किती, पण गाडी चांगली होते की बिघडते ते चॅसीवर ठरतं, म्हणून या नोंदीत चॅसीला जास्त जागा दिलीय.

थोडा इतिहास

ही पद्धत नीट रुजली ती इंग्लंडमधे. 1957 साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने सेव्हन नावाची गाडी काढली, बारीक पाईपची चॅसी आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि ती सुट्या भागांच्या किटमधेही विकली कारण तिकडं तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, किटवर नाही. 1973 ला तिथं व्हॅट आला, सवलत संपली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडं गेले आणि ती गाडी अजूनही बनते. जगभर लोक गॅरेजमधे बांधतात त्यातल्या बऱ्याच गाड्या याच घराण्यातल्या. आपल्या राज्यातही अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच घाटाची रोडस्टर (उघड्या टपाची दोन सीटची गाडी) काढली होती, इसुझूचं 1.8 लिटर इंजिन घालून. आणि भारतातल्या रेसिंगमधली एलजीबी फॉर्म्युला 4 ही सिंगल सीटर मारुती एस्टीमच्या 1.3 लिटर इंजिनावर पळते, म्हणजे साध्या फॅमिली गाडीचं इंजिन योग्य चॅसीत गेलं की काय होतं ते बघायला लई लांब जायची गरज नाही.

मराठवाड्यात काय मिळतं

बजाजचा वाळूजचा प्लांट 1985 ला सुरू झाला, 2001 ला शेंद्र्याला स्कोडा आली, आणि त्यांच्या आजूबाजूला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीत टूल रूम, सीएनसी, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंगचे कितीतरी छोटे शेड उभे राहिले. चिकलठाण्याची इंडो जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. त्यामुळं हबचा ॲडॅप्टर, इंजिन माउंट, सस्पेन्शनचं ब्रॅकेट असलं काम छत्रपती संभाजीनगरात ड्रॉइंग घेऊन गेलं की होऊन जातं, फक्त ड्रॉइंग नीट पाहिजे, टॉलरन्स (मापात किती कमी-जास्त चालेल तो आकडा) लिहिलेला पाहिजे, "अंदाजे एवढं" म्हणून चालत नाही.

लातूर, बीड, परभणी, नांदेडकडं चित्र वेगळं. तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे फॅब्रिकेटर आहेत, त्यांचा वेल्डिंगचा हात एकदम पक्का, पण सवय चॅनल आणि अँगलची, शंका आली की अजून एक पट्टी मारायची. ट्रॉलीला ते बरोबर आहे, तिला ऊस वाहायचाय. स्पोर्ट्स कारमधे प्रत्येक जादा किलो ब्रेक लावताना आणि वळताना आडवा येतो, तेव्हा अशा मिस्त्रीसोबत काम करताना आधी बसून कुठला पाईप कशासाठी आहे ते त्याला समजावून सांगावं, एकदा कळलं की हे लोक आपल्यापेक्षा चांगले मार्ग सुचवतात.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांसाठी बाहा एसएई इंडिया, सुप्रा एसएई इंडिया आणि कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत या स्पर्धा म्हणजे या कामाची खरी शाळा. फॉर्म्युला प्रकारात इंजिन 710 सीसीच्या आत लागतं आणि पेट्रोल इंजिनाला सगळी हवा 20 मिमी व्यासाच्या रिस्ट्रिक्टरमधून (हवेची वाट अरुंद करणाऱ्या तोंडातून) घ्यावी लागते, त्यामुळं ताकदीची हाव आपोआप कमी होते आणि वजनाकडं, चॅसीकडं लक्ष जातं.

चॅसी

बोलेरो, जिप्सीची असते ती लॅडर फ्रेम, दोन लांब मेंबर आणि मधे आडवे. करायला सोपी, पण पिळाला कमजोर, बाजेचा एक पाय उचलला की सगळी बाज पिळते तसंच. चॅसी पिळली की सस्पेन्शनचे कोन वळणात आपल्या मर्जीने बदलतात आणि मग कितीही भारी शॉक ॲब्सॉर्बर लावा, गाडी काय करील सांगता येत नाही. म्हणून स्पोर्ट्स कारला स्पेस फ्रेम करतात, सेव्हन प्रकारच्या गाडीत साधारण 25 मिमीचा, 1.6 मिमी जाडीचा चौकोनी पाईप, आणि प्रत्येक चौकटीत एक तिरपा पाईप घालून तिचे त्रिकोण केलेले. त्रिकोणातल्या पाईपवर नुसता ताण किंवा दाब येतो, वाकायला फारसं कारण उरत नाही, एवढ्याशा पाईपमधे ताकद येते ती त्यामुळं. सस्पेन्शनचं प्रत्येक ब्रॅकेट जिथं दोन-तीन पाईप एकत्र येतात तिथंच यायला पाहिजे, पाईपच्या मधोमध कधीच नाही.

पाईप घेताना दोन गोष्टी. जालन्याला स्टील लई निघतं पण ती मुख्यतः सळई, ती या कामाची नाही, आपल्याला ईआरडब्ल्यू (लांबीत वेल्ड केलेला) किंवा सीमलेस (बिनजोडाचा) पाईप लागतो, आणि रोल हूपला (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीला) तर सीमलेसच घ्यावा, मँड्रेल बेंडरवर (आत गुटका घालून पाईप चपटा न होऊ देणाऱ्या मशीनवर) थंड वाकवलेला. दुसरं म्हणजे जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईप. बोअरवेल आणि पाण्याच्या लाईनमुळं तो गावोगावी दुकानात पडलेला असतो आणि मोह होतो, पण वेल्ड करताना त्याच्यावरचं जस्त जळतं, त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो आणि वेल्डमधे भोकं राहतात, तेव्हा चॅसीला तो वापरूच नये.

वेल्डिंगने लोखंड ओढलं जातं. म्हणून आधी सपाट टेबलावर फिक्स्चरमधे (पाईप जागेवर धरून ठेवणाऱ्या पकडीत) सगळी फ्रेम नुसती टाचून घ्यायची, कर्ण मोजायचे, मग एक टाका पुढं डाव्या बाजूला तर पुढचा मागं उजव्या बाजूला असं फिरत फिरत भरायचं, आणि दर थोड्या वेळाने परत कर्ण मोजायचे. एका कोपऱ्यातून सुरू करून सरळ दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वेल्ड मारत गेलेल्या फ्रेमी नंतर केळीसारख्या वाकलेल्या सापडतात आणि अलाइनमेंटवाला काही करू शकत नाही.

चॅसी किती कडक झाली ते घरीच मोजता येतं आणि प्रत्येकाने मोजावं असं ठामपणे वाटतं. मागचे सस्पेन्शन पॉइंट पक्के बांधायचे, पुढची बाजू मधोमध एका टेकूवर ठेवायची, पुढच्या पॉइंटवर आडवा लांब पाईप घट्ट बांधायचा आणि मध्यापासून बरोबर 1 मीटरवर 50 किलोची सिमेंटची गोणी टांगायची. हा साधारण 490 न्यूटन मीटरचा पीळ झाला. पाईपचं तेच टोक 9 मिमीच्या आसपास खाली गेलं तर चॅसी अर्धा अंश पिळली, म्हणजे कडकपणा अंशाला 1000 न्यूटन मीटरच्या आतबाहेर, आणि हे कमी आहे. तुलनेला 1996 ची लोटस एलिस घ्या, तिची चिकटवलेल्या ॲल्युमिनियमची चॅसी 68 किलोची आणि कडकपणा अंशाला 10,000 च्या आसपास. एक तिरपा पाईप घालून परत गोणी टांगली की फरक डोळ्याने दिसतो.

इंजिन

आपल्याकडच्या स्विफ्टपासून ऑक्टेव्हियापर्यंत बहुतेक गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट सगळं एका जुडीत. ही जुडी तशीच उचलून सीटच्या मागं ठेवली की मिड इंजिन, रिअर व्हील ड्राइव्ह गाडी तयार, फियाट एक्स 1/9 आणि टोयोटा एमआर 2 याच तत्त्वावर होत्या. गिअरच्या केबल लांब कराव्या लागतात, आणि जिथं स्टिअरिंगचा रॉड लागत होता तिथं पक्की लिंक टाकून मागची चाकं वळणार नाहीत हे बघावं लागतं. स्विफ्टचं 1.2 लिटर इंजिन 83 पीएसच्या (पीएस हे बीएचपीसारखंच ताकदीचं माप) आसपास, मूळ गाडी साडेनऊशे किलोच्या जवळपास, म्हणजे टनाला साधारण 87 पीएस. तेच इंजिन हात न लावता 600 किलोच्या गाडीत टाकलं तर टनाला 138 होतात, एक रुपया इंजिनावर खर्च न करता. बाईकचं इंजिनही वापरतात, हलकं असतं, सीक्वेन्शिअल (एकामागून एक गिअर पडणारा) गिअरबॉक्स आतच मिळतो, पण रिव्हर्स नसतो.

ज्याला टर्बो करायचाच आहे त्याने पिस्टन फोर्ज्ड (दाबून घडवलेले) घ्यावेत आणि पिस्टनच्या रिंगचा गॅप स्वतः मोजावा. रिंग बोअरमधे (सिलिंडरच्या पोकळीत) घालायची, पिस्टन उलटा धरून सरळ खाली ढकलायची आणि तोंडातली फट फीलर गेजने बघायची. 75 मिमी बोअरला साध्या इंजिनात साधारण 0.30 मिमी चालतो, टर्बोला 0.40 च्या पुढं ठेवतात, कारण बूस्टमधे (टर्बोच्या दाबात) रिंग जास्त तापते, फुगते, आणि दोन्ही टोकं भिडली की जागा न मिळाल्याने पिस्टनची कड तुटते. बोरिंगवाल्याकडून इंजिन आलं की लगेच असेंब्लीची घाई करतात, हा अर्धा दिवस मात्र द्यावाच.

पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं आहे, आणि त्यातलं थोडं आपल्याच बीड, लातूर, धाराशिवच्या उसातून येतं. या एक किलो पेट्रोलला 14.7 किलोऐवजी साधारण 13.5 किलो हवा लागते, म्हणजे आठ-नऊ टक्के पेट्रोल जास्त, तेव्हा जुन्या मॅपवर (किती पेट्रोल सोडायचं त्या तक्त्यावर) टर्बो इंजिन पळवलं तर ते लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, पिस्टन वितळू शकतो. स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) लावून मॅप नव्याने करावा, जुन्या गाडीच्या रबरी पेट्रोल लाईनी बदलाव्या, आणि बांधणी चालू असताना टाकी महिनोन्महिने भरून ठेवू नये, इथेनॉल पाणी ओढतं.

मे महिन्यात परभणी, नांदेडला पारा 43-44 ला जातो. मिड इंजिन गाडीत रेडिएटर पुढं आणि इंजिन मागं, मधे लांब पाईप, त्यात हवा अडकली की गेज नॉर्मल दाखवतं आणि हेड उकळत असतं, म्हणून सगळ्यात उंच जागी हवा काढायचा स्क्रू ठेवायलाच पाहिजे. उघडा कोन फिल्टर दिसायला छान, पण काळ्या मातीची धूळ आत गेली की रिंगा खाऊन टाकते, बंद बॉक्समधला फिल्टरच बरा.

वजन आणि ब्रेक

इंजिन मागं गेलं की वजन मागं गेलं, आणि मूळ गाडीचे ब्रेक पुढं जास्त जोर देणारे असतात. धरमकाट्यावर आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त पुढची चाकं चढवून दोन आकडे घ्यावेत, काटा ढोबळ असतो पण पुढं-मागं वाटणी समजते. त्यावरून पुढच्या आणि मागच्या ब्रेकला दोन वेगळे मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारे) आणि बॅलन्स बार (तो दाब दोघांत वाटणारा दांडा) लावून ब्रेक वाटून घेतात.

कायदा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातली मूळ माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मधे हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182अ मधे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागं 5000 रुपये दंड किंवा दोन्ही आहे. इंग्लंडमधे एकेका घरबांधणीच्या गाडीची टेस्ट होऊन नंबर मिळतो, इथं नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास व्हावा लागतो, आणि एका गाडीसाठी ते झेपत नाही. तेव्हा ही गाडी बंद ट्रॅकसाठीच बांधायची, ट्रेलरवर न्यायची. समृद्धी महामार्ग जालना-संभाजीनगरातून जातो म्हणून रात्री तिथं टेस्ट करायची कल्पना पोरांना सुचते, ती करू नये, तिथं कारला 120 ची मर्यादा आहे आणि रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरंबाळं असतात.

पहिल्या फेऱ्या

पहिल्यांदा गाडी हळू, थोड्या फेऱ्या पळवून परत जॅकवर घेतात, सस्पेन्शन आणि व्हीलचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासतात, बोल्टवर आधी खुणेला मारलेली पेंटची रेघ सरकली का बघतात. मग ब्रॅकेटच्या वेल्डवर लाल डाय मारून, पुसून, पांढरा डेव्हलपर फवारतात. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. असा तडा वरून वेल्ड मारून झाकत नाहीत, ग्राइंडरने मुळापर्यंत काढतात, आणि तिथं ताण का आला ते शोधून जवळ तिरपा पाईप किंवा गसेट (कोपऱ्यात जोडायचा त्रिकोणी पत्रा) देऊनच पुन्हा भरतात.