बंदरावरच्या उन्हात वाचता येईल असा मजकूर

मे महिन्यात भर दुपारी हर्णैच्या बंदरावर फोन उघडला, की फिकट राखाडी अक्षरं दिसेनाशी होतात. याचं कारण साध्या भागाकारात आहे. वेब मजकुराच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं. पांढऱ्यावर काळं असेल तर ते २१ : १ भरतं, वेबसाइटींवर आवडीनं वापरला जाणारा, ९९९९९९ कोडचा राखाडी जेमतेम २.८ : १. हे आकडे सावलीतले. उन्हात काचेवरून परतणारा उजेड अक्षरात आणि पार्श्वभूमीत सारखाच मिसळतो. पडद्याच्या पांढऱ्या रंगाच्या निम्मा उजेड असा आत आला, तर काळ्या अक्षराचंही गुणोत्तर सुमारे ३ वर येतं आणि त्या राखाडीचं १.८ वर. म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांसाठी लिहायचं तर अक्षर काळंच ठेवावं. ७६७६७६ हा राखाडी निकषात कसाबसा बसतो, पण उन्हात तोही टिकत नाही.

दुसरी अडचण देवनागरीची, आणि ती इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार साच्यांमुळे येते. ‘कुर्ल्यांचं’ हा शब्द पाहा: खाली उकार, वर रफार आणि अनुस्वार. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या १.२ पट असेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. ते १.६ ते १.८ पट ठेवावं. वर-खाली मात्रांना जागा सोडावी लागत असल्यामुळे त्याच मापात मूळ अक्षर लहान दिसतं. इंग्रजीला १६ पिक्सेल पुरत असतील तर मराठीला १८ द्यावेत. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नये, शिरोरेषा तुटते. फॉन्ट निवडताना ‘दऱ्याखोऱ्या’ टाइप करून बघावं. ऱ्य नीट उमटला नाही, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र स्कॅन केलेल्या पीडीएफनं होतं. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७०. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. मोठं करावं तर प्रत्येक ओळ डावी-उजवी सरकवत वाचावी लागते. शिवाय ते चित्र असल्यामुळे त्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध माणसाच्या फोनवरचं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय, ते धड वाचू शकत नाही. युनिकोड या सर्वमान्य अक्षर-कोडाच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून २००० चिन्हांची सूचना ६ केबीत मावते; त्याच पानाचं स्कॅन सहज एक एमबीच्या घरात जातं. खाडीपलीकडच्या वाडीत नेटवर्कची एकच दांडी असते, तिथे हा फरक फार मोठा ठरतो. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली फाइल असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या कोडखाली साठवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या फोनवर निव्वळ गिचमीड दिसते. बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीत. चुका बहुतेक तिथेच राहतात.

मच्छीमार सोसायटीनं भरतीचं वेळापत्रक टाकताना महिन्याचा आडवा तक्ता करू नये. फोनवर तीनच रकाने मावतात: तारीख, भरती, ओहोटी. तारखेखालीच तिथी द्यावी, कारण उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) वाचणारा तिथीवरूनच ओळखतो. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे नुसतं ‘१२.४०’ लिहिलं तर घोटाळा होतो; ‘दुपारी १२.४०’ किंवा ‘रात्री १२.४०’ असंच लिहावं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीची सूचना असेल, तर पहिल्याच ओळीत तारखा याव्यात; संदर्भ क्रमांक आणि विषय खाली गेले तरी चालतात. मथळा नुसता ठळक न करता वर्डमधली ‘हेडिंग’ शैली लावावी, म्हणजे टॉकबॅक वापरणाऱ्याला मथळ्यावरून मथळ्यावर जाता येतं. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायलाही विसरू नये, नाहीतर वाचणारा आवाज हिंदी किंवा इंग्रजी उच्चार करतो.