लिमरिक

लिमरिक हा इंग्रजीतील पाच ओळींचा विनोदी, बहुधा निरर्थाकडे झुकणारा पद्यप्रकार. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ एका यमकाची व लांब. तिसरी आणि चौथी दुसऱ्या यमकाची व आखूड. नाव आयर्लंडमधील लिमरिक या शहराचे किंवा परगण्याचे आहे. बैठकीत प्रत्येकाने पाच ओळी रचून म्हणायच्या आणि मध्ये सगळ्यांनी ‘लिमरिकला येता का?’ अशा अर्थाचे पालुपद गायचे, या खेळातून ते आले असे सहसा सांगितले जाते.

हा साचा तो लोकप्रिय करणाऱ्या एडवर्ड लिअर (१८१२–१८८८) याच्या आधीचा आहे. १८२०च्या सुमारास लंडनमध्ये अशा पद्यांची मुलांसाठी सचित्र पुस्तके निघाली होती. लिअर हा व्यवसायाने चित्रकार, पोपटांच्या चित्रांमुळे तरुणपणीच नावाजलेला. अर्ल ऑफ डर्बी यांच्या नोझ्ली येथील खासगी प्राणिसंग्रहात तो चित्रे काढायला जाई. त्या घरातल्या मुलांना रिझवण्यासाठी त्याने ही पद्ये चित्रांसह रचली. ‘अ बुक ऑफ नॉन्सेन्स’ १८४६ मध्ये टोपणनावाने निघाले. १८६१च्या वाढवलेल्या आवृत्तीवर त्याचे खरे नाव आले. चित्राखालच्या जागेत बसावीत म्हणून ही पद्ये नेहमी पाचच ओळींत छापली जात नसत. ‘लिमरिक’ हा शब्द लिअरने कधी वापरला नाही. तो रुळला १८९०च्या दशकात.

रचना कानाने ओळखावी. ‘देअर वॉज ॲन ओल्ड मॅन विथ अ बिअर्ड’ या लिअरच्या ओळीत आठ अवयव (सिलेबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे) आहेत आणि आघात (जोर देऊन उच्चारलेले अवयव) तीन: वॉज, मॅन, बिअर्ड. दोन आघातांमध्ये दोन हलके अवयव येतात, म्हणून ओळ उड्या मारत जाते. आखूड ओळींत आघात दोनच, अवयव पाच-सहा. लांब ओळ संपली की आवाज एक ठोका थांबतो. तो मुका ठोका धरला तर लांब ओळ चार ठोक्यांची होते, आणि दोन आखूड ओळी मिळून तेवढ्याच भरतात. मुले ही पद्ये टाळ्यांवर म्हणतात ती यामुळेच.

मराठीत आघाताऐवजी मात्रा मोजाव्या लागतात. सोळा-सोळा-आठ-आठ-सोळा हे माप वरच्या हिशेबाशी नेमके जुळते. नमुन्यादाखल:

साताऱ्याची आजीबाई
भलती तिजला होती घाई
शेंगा फोडी
दाणे सोडी
फोलपटे ती वेचुन खाई

‘वेचून’ लिहिले तर एक मात्रा वाढते आणि शेवटची ओळ अडखळते.

रचताना पहिल्या ओळीच्या शेवटी बहुधा गावाचे नाव येते, आणि बरीच लिमरिके तिथेच फसतात. त्या नावाला निदान दोन चांगली यमके आहेत का, हे आधी पाहावे. ‘कलकत्ता’च्या इंग्रजी उच्चाराला लिअरने ‘बटर’ जुळवले आहे. पाव-लोणी खाणारा तो म्हातारा शेवटी मफिनचा घास अडकून गुदमरतो. मराठीत मोह असतो तो क्रियापदांचा: करतो-मरतो, गेला-मेला. अशी यमके आयती मिळतात, पण त्यांत अनपेक्षित काही उरत नाही. दुसरी चूक म्हणजे आखूड ओळींत गोष्ट कोंबणे. त्या ओळी वेग वाढवण्यासाठी असतात. तिथे एखादे जादा विशेषण आले तरी लय बसकण मारते.

पाचव्या ओळीबाबत दोन रीती आहेत. लिअर बहुतेक वेळा पहिल्या ओळीचाच शेवटचा शब्द परत आणतो, फार तर म्हाताऱ्याला नवे विशेषण जोडतो. पुढच्या लेखकांनी तिथे तिसरे यमक आणि अनपेक्षित कलाटणी घातली. लिअरचा शेवट मिळमिळीत आहे, ही टीका प्रौढ वाचकाच्या जागेवरून होते. लहान मुलाला कोणता शब्द येणार हे ठाऊक असते, ते त्याची वाट पाहते आणि तो आला की स्वतःच मोठ्याने म्हणते. वाचून दाखवताना तो शब्द मुलासाठी सोडून द्यावा.

१९०७ मध्ये इंग्लंडमधील साप्ताहिकांनी चार ओळी छापून पाचवी मागवणाऱ्या बक्षिसी स्पर्धा भरवल्या. प्रवेशशुल्क सहा पेन्स असल्यामुळे तेवढ्या किमतीच्या पोस्टल ऑर्डरींचा खप कित्येक पटींनी वाढला.

कलकत्ता आणि मद्रास लिअरच्या पद्यांत आले ते केवळ नादासाठी. तो स्वतः मुंबईला उतरला नोव्हेंबर १८७३ मध्ये. पुढल्या वर्षी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची ‘द कमरबंद’ ही कविता आली. ती लिमरिक नव्हे, पण युक्ती तीच: धोबी, आया असे रोजचे हिंदुस्थानी शब्द त्यांचा अर्थ काढून केवळ नादासाठी बसवलेले. कवितेतली स्त्री चक्क ‘धोबी’वर बसते. इंग्रज मुलाला तो कुठलासा चौरंग वाटेल. मराठी मुलाला इथे दुप्पट हसू येते.

मराठीत या प्रकाराच्या जवळची म्हणून मंगेश पाडगावकरांच्या वात्रटिकांकडे बोट दाखवले जाते. खोडकरपणा समान असला तरी वात्रटिकेला पाच ओळींचे बंधन नाही, आणि तिचा रोख पुष्कळदा समाजातल्या दांभिकपणावर असतो. लिअरच्या लिमरिकमध्ये दाढीत घुबडे, कोंबडी आणि चंडोल घरटी बांधतात. त्यातून कोणाला काही शिकवायचे नसते.