हडसन नदीतील दूषित गाळाचा उपसा

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातून वाहणाऱ्या हडसन नदीच्या वरच्या टप्प्यात साचलेला, पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल (पीसीबी) या रसायनांनी दूषित झालेला गाळ २००९ ते २०१५ या काळात यंत्रांनी उपसून नदीबाहेर नेण्यात आला. फोर्ट एडवर्डपासून ट्रॉयच्या धरणापर्यंतच्या सुमारे ६५ किमी. लांबीच्या पात्रात हे काम झाले. गाळ उपसणे म्हटले की आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई किंवा धरणातील सुपीक गाळ शेतात नेऊन टाकणे डोळ्यांसमोर येते. येथे मात्र नदी खोल करायची नव्हती आणि निघालेला गाळ कोणाच्या शेतात पसरण्याजोगाही नव्हता.

पीसीबी सहजासहजी पेटत नाहीत व वीजरोधक असतात, म्हणून कपॅसिटर या वीज साठविणाऱ्या उपकरणांत त्यांचा मोठा वापर होत असे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे कपॅसिटर बनविणारे दोन कारखाने हडसन फॉल्स व फोर्ट एडवर्ड येथे अगदी नदीकाठी होते. १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत त्यांतून जास्तीत जास्त सुमारे ५.९ लाख किग्रॅ. पीसीबी नदीत गेले असावेत, असा अंदाज आहे. ही रसायने पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती बारीक गाळाच्या आणि त्यातील सेंद्रिय द्रव्याच्या कणांना चिकटतात, तळाशी राहणाऱ्या किड्यांच्या शरीरात जातात आणि लहान माशांतून मोठ्या माशांत पोहोचेपर्यंत चरबीत साठत साठत त्यांचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे वरचे पाणी नितळ दिसत असतानाही मासा खाण्यालायक उरत नाही. १९७३ मध्ये फोर्ट एडवर्डचे जुने धरण पाडले गेले तेव्हा त्यामागे अडून राहिलेला गाळ मोकळा होऊन प्रवाहाबरोबर खाली गेला. १९७६ मध्ये राज्याने नदीच्या वरच्या टप्प्यात मासेमारीवर बंदी घातली. अमेरिकेत पीसीबींच्या उत्पादनावर बंदी आली ती १९७९ मध्ये.

१९८४ मध्ये हडसन फॉल्सपासून न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकापर्यंतचे सुमारे ३२० किमी. लांबीचे पात्र ‘सुपरफंड’ या केंद्रीय स्वच्छता योजनेच्या यादीत घेण्यात आले. मात्र गाळाला तूर्त हात लावू नये, असेच त्या वर्षी ठरले. पुढचा वाद दीर्घकाळ चालला. वरून नवा स्वच्छ गाळ बसत जाऊन जुना विषारी थर आपोआप गाडला जाईल आणि उपशाने मात्र तो ढवळून निघेल, अशी कंपनीची बाजू होती. काठावरच्या काही गावकऱ्यांनाही यंत्रांचा खडखडाट आणि परिसरात उभारले जाणारे गाळप्रक्रिया केंद्र नको होते. या युक्तिवादातला ढवळण्याचा मुद्दा पोकळ नव्हता, हे पुढे कामातच दिसले. परंतु गाळ गाडला जाईलच याचा भरवसा देता येत नव्हता, पुराने थर उघडे पडू शकत होते आणि पीसीबी पाण्यात उतरतच होते. पुनर्परीक्षणानंतर पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) २००२ मध्ये उपशाचा निर्णय दिला. काम कंपनीने स्वतःच्या खर्चाने करायचे होते.

उपशासाठी बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू नावेवर) बसविलेली खोदयंत्रे वापरली गेली. त्यांच्या बादल्या नेहमीच्या उघड्या बादल्यांसारख्या नव्हत्या. तळाशी टेकल्यावर जबडा पूर्ण मिटून गाळ आत कोंडला जाई, जेणेकरून वर येताना तो कमीत कमी सांडावा. भरलेली बार्ज शँप्लेन कालव्याने फोर्ट एडवर्डच्या केंद्रावर जात. तेथे दगड, ओंडके व जाड वाळू आधी वेगळी होई. उरलेला पातळ चिखल घट्ट करून दाबयंत्रात पिळला की त्याच्या कोरड्या वड्या निघत आणि त्या रेल्वेने राज्याबाहेरील परवानाधारक भरावभूमींकडे (कचरा पुरण्याच्या जागांकडे) रवाना होत. पिळून निघालेले पाणी शुद्ध करूनच सोडले जाई. उपसलेल्या जागी स्वच्छ वाळू-खडी पसरली जाई. जेथे दूषित अंश पुरता निघाला नाही तेथे तो जाड थराखाली झाकला गेला आणि उथळ भागांत पाणवनस्पती पुन्हा लावण्यात आल्या.

२००९ चा पहिला टप्पा ही खरे तर चाचणीच होती. त्यात सुमारे २.१६ लाख घ.मी. गाळ निघाला, म्हणजे ठरविल्यापेक्षा अधिकच; तरीही नियोजित १८ जागांपैकी १० जागाच पूर्ण झाल्या. लाकूडगिरण्यांच्या काळापासून तळाशी साचलेल्या ओंडक्यांमुळे आधी घेतलेल्या नमुन्यांत प्रदूषणाची खरी खोली कळली नव्हती, आणि एकेका जागी पुन:पुन्हा खोदावे लागले. पाण्यातील पीसीबींचे प्रमाण लिटरला ५०० नॅनोग्रॅमची मर्यादा ओलांडू लागले की काम थांबवावे लागे. नदीचे पाणी पिणाऱ्या हाफमून व वॉटरफर्ड या गावांसाठी ट्रॉयहून पर्यायी पुरवठ्याची सोय केलेली होती. याच हंगामात एका खोदयंत्राने अठराव्या शतकातील फोर्ट एडवर्ड किल्ल्याची काठावर गाडलेली लाकडे अनवधानाने उखडली. तज्ज्ञ समितीच्या परीक्षणानंतर खोदाईची खोली आणि फेऱ्यांची संख्या यांविषयीचे नियम बदलून २०११ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला.

२०१५ अखेर सुमारे २१ लाख घ.मी. गाळ आणि त्याबरोबर सुमारे १.४ लाख किग्रॅ. पीसीबी बाहेर निघाले होते. आकडा मोठा असला, तरी उपशाचे यश गाळाच्या घनमीटरवर नव्हे, तर माशांच्या मांसावर मोजायचे असते. मांसात किलोमागे ०.०५ मिग्रॅ. पीसीबी हे अंतिम उद्दिष्ट असून ते गाठण्यास उपशानंतरही अनेक दशके लागतील, असे ईपीएचे गणित आहे. २०१९ मध्ये तिने कंपनीला कामपूर्तीचे प्रमाणपत्र दिले, तेव्हा उद्दिष्टापासून नदी दूर असताना ते कसे दिले, म्हणून न्यूयॉर्क राज्यानेच ईपीएला न्यायालयात खेचले. २०२१ मध्ये तो दावा फेटाळला गेला. माशांचे व गाळाचे नमुने घेणे चालूच आहे. पुराचे पाणी जेथवर पोहोचे त्या काठच्या जमिनींची तपासणीही वेगळी होत आहे. ट्रॉयच्या धरणाखालील पात्रात मात्र उपसा झालेलाच नाही. त्या भागाच्या सर्वेक्षणाबाबतचा करार २०२२ मध्ये झाला.