अरल समुद्राचे आटणे आणि उझबेकिस्तानचे हवामान

उझबेकिस्तानच्या वायव्येकडील काराकल्पाकस्तानात वर्षाकाठी जेमतेम १०० मिमी. पाऊस पडतो. तेथील हवामानाचा समतोल अरल समुद्राने सांभाळला होता. १९६० मध्ये ६८,००० चौ. किमी. पसरलेले हे सरोवर जगात चौथ्या क्रमांकाचे होते. त्यावरून दरवर्षी सुमारे एक मीटर पाणी वाफ होऊन जाई आणि अमू दर्या व सिर दर्या या नद्या ही तूट भरून काढत. सोव्हिएत काळात कापसासाठी दोन्ही नद्या कालव्यांकडे वळवल्या गेल्या. बरेच कालवे अस्तराविना खोदलेले असल्याने पुष्कळ पाणी वाटेतच मुरे. १९८० च्या दशकाअखेर सरोवराचे दोन तुकडे झाले. एका लिटरमागे १० ग्रॅम असलेले क्षार दक्षिणेकडील भागात पुढे १०० ग्रॅमांच्या वर गेले.

एवढे पाणी उन्हाळ्यात उष्णता शोषून घेई, हिवाळ्यात ती सोडी व उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्यांची धार कमी करी. ते हटताच उन्हाळा तापला, हिवाळा कडक झाला, दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावत वाढली. वसंतातील शेवटचे हिम (पिके गोठवणारी थंडी) लांबले, शरदातील पहिले हिम अलीकडे आले. कापसाला सुमारे २०० हिममुक्त दिवस लागत असल्याने काही शेतकरी भाताकडे वळले. भाताला तर पाणी आणखी जास्त! हा परिणाम जुन्या किनाऱ्यापासून १००–२०० किमी.पर्यंत ठळक जाणवतो. त्यापलीकडील तापमानवाढीचा दोष अरलला देणे चूक आहे. तिची कारणे जागतिक आहेत. पाऊसही सरोवर आटल्यामुळेच घटला, हा समज फारसा टिकत नाही, कारण त्याची वाफ बहुतांशी दूर वाहून जाई.

उघड्या पडलेल्या तळाला आता अरलकुम वाळवंट म्हणतात. तेथील सगळे मीठ सारखे उडत नाही. सोडियम क्लोराइडची खपली कडक राहते. सोडियम सल्फेट मात्र थंडीत पाणी धरून स्फटिक बनते आणि ऊन वाढताच ते पाणी सोडून पिठासारखे भुसभुशीत होते. वारा हेच उचलतो. मे २०१८ मध्ये असे क्षारवादळ काराकल्पाकस्तान व तुर्कमेनिस्तानावर आले होते.

कझाकस्तानात २००५ मध्ये पुरा झालेल्या १३ किमी. लांबीच्या कोकअरल बंधाऱ्याने उत्तरेकडील भागाची पातळी समुद्रसपाटीपासून ४२ मी.पर्यंत चढवली, दक्षिणेला मात्र पाणी नाही. म्हणून उझबेकिस्तानात तळावर काळा सक्सौल हे वाळवंटी झुडूप लावतात. आधी नांगराने खोल चर पाडतात. त्यांत उडती वाळू व ओल साठते. बी वर्षभरही नीट टिकत नाही, त्यामुळे ताजेच पेरावे लागते. लागवड थंडीच्या महिन्यांत, जमीन ओलसर असतानाच करतात. वालुकामय तळावर रोपे तगतात. ओल्या चिकणमातीत मात्र भूजल केशाकर्षणाने वर येऊन मीठ मुळांशी साचवते. तेथे रोपे पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. आधी वाळूचा थर जमू देऊन मगच लागवड करणे बरे.