पाचरीपासून पितळी चाकापर्यंत

जून लागला की गोव्यातल्या जुन्या घरांची दारं फुगतात, चौकटीत अडकतात आणि मेस्ताला, म्हणजे सुताराला, निरोप जातो. पिशवीतून तो १४ इंची लोखंडी रंधा काढतो, दाराची कड जेमतेम उतरवतो आणि थांबतो. जास्त घेतलं तर थंडीत फट दिसणार.

हे हत्यार इथलं नाही. अलमारी हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, पण ती घासूनपुसून गुळगुळीत करणारा रंधा फारसी 'रंदा'वरून आलेला. वस्तू त्याहूनही जुनी. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत रोमन रंधे सापडले आहेत.

पुढे कित्येक शतकं युरोपात रचना जवळपास तीच राहिली: ठोकळा, तिरकं पातं आणि ते आवळणारी पाचर. पातं खाली हवं तर त्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी, वर हवं तर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर. केसभर फरकाचा हिशेब हातानं आणि कानानं. जुन्या गोव्यातल्या चर्चच्या सतराव्या शतकातल्या वेदी घडल्या, तेव्हा चाक फिरवून पातं वर-खाली करायची सोय सुतारांच्या नेहमीच्या रंध्याला नव्हती. अठराव्या शतकात पात्याच्या पाठीवर दुसरी पट्टी आली. ती निघणारी साल लगेच मोडते, म्हणून उलटसुलट रेषांच्या लाकडातून खपल्या उपटून येत नाहीत. फणसाची फळी रंधलेल्याला याचं मोल सांगायला नको.

मोठी उडी अमेरिकेत पडली. लिओनार्ड बेलीनं पितळी चाक फिरवून पातं वर-खाली करणारा लोखंडी रंधा बनवला आणि १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीनं त्याचा धंदाच विकत घेतला. तेव्हाचे नंबर आजही चालतात: ४ सफाईला, १४ इंची ५ जाड साल काढायला, २२ इंची ७ लांब कड सरळ करायला. पुढे त्याच्या नकला भारतातही निघाल्या.

सुरुवातीला ४ नंबर घ्या, असं बरेच जण सांगतात. मी ५ म्हणेन, गोव्यात तर नक्कीच. दारं लांब असतात. लाकडी रंधा हलका आणि सरकतोही सुरेख, पण पावसात दारासारखा तोही फुगतो. लोखंडी गंजतो, हेही खरं. त्यावर उपाय खोबरेल तेलाचं फडकं. तळाला मेणबत्ती घासली की मजेत पळतो. विजेचा रंधा मोठ्या फळ्यांना ठीक, टांगलेल्या दाराला नको.

काम झालं की मेस्त रंधा कुशीवर आडवा ठेवतो. पातं फरशीला टेकता कामा नये.